कीबोर्ड ढिम्म? थांबा, कार्ड पुसू नका!

प्रोजेक्टचा डेमो तोंडावर आलाय आणि रास्पबेरी पायला जोडलेला कीबोर्ड-माऊस ऐकतच नाहीये? घाबरू नका. बिघाड शोधायचा एक साधा क्रम आहे. तो पाळलात तर पैसेही वाचतील आणि सेमिस्टरभराची मेहनतही.

डेमो परवा आहे. कोड तयार, वायरी जागच्या जागी, पीपीटीसुद्धा झालीये. तुम्ही पाय सुरू करता, स्क्रीनवर डेस्कटॉप येतो आणि कर्सर जागचा हलत नाही. कीबोर्डवर बोटं आपटून होतात, तरी काही नाही. मग ग्रुपवर मेसेज पडतो आणि धडाधड सल्ले येतात. एक म्हणतो बोर्ड उडाला. दुसरा म्हणतो नवा कीबोर्ड आण. तिसरा म्हणतो, ‘कार्ड फॉरमॅट मार, ओएस पुन्हा टाक.’

या तिसऱ्याचं अजिबात ऐकू नका. पायमध्ये हार्ड डिस्क नसते. ओएस, तुमचा कोड, गोळा केलेला डेटा असं सगळं त्या नखाएवढ्या मायक्रो एसडी कार्डावर असतं. ते पुसलं की प्रोजेक्टच गेला. आणि गंमत म्हणजे कीबोर्ड न चालण्याचं कारण बहुतेक वेळा कार्डात नसतंच. ते असतं पॉवरमध्ये, केबलमध्ये, पोर्टमध्ये नाहीतर एखाद्या सेटिंगमध्ये. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, त्यातला प्रकार!

तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: तुम्ही दाबलेलं बटण नेमकं कुठपर्यंत पोचतंय?

कॅप्स लॉक दाबून बघा

कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही. बटण दाबल्याचं कॉम्प्युटरला कळतं आणि मग कॉम्प्युटर सांगतो, दिवा लाव. म्हणजे बटण दाबल्यावर दिवा लागत-विझत असेल तर केबल, पोर्ट, पॉवर सगळं ठीक आहे, बोर्डही जिवंत आहे. घोटाळा पुढे कुठेतरी, सेटिंगमध्ये किंवा तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे.

माऊसच्या लाल दिव्यावर मात्र विसंबू नका. तो लागला म्हणजे माऊसला वीज मिळतेय, एवढंच. माहिती पोचतेय की नाही, हे त्यावरून कळत नाही.

मोबाइलचा चार्जर हा पहिला संशयित

पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात, पाय ५ साठी ५ व्होल्टवर ५ अँपिअरचा अॅडॅप्टर सुचवलेला आहे. आपण लावतो घरातला फोनचा चार्जर. त्यावर फास्ट चार्जिंगचा मोठा आकडा छापलेला असतो, पण तो बऱ्याचदा ९ व्होल्टचा हिशेब असतो. पायला हवेत ५ व्होल्ट. म्हणून चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा आणि ५ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघा.

पाय ५ ला ३ अँपिअरचाच अॅडॅप्टर लावला तर तो चारही यूएसबी पोर्ट मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. साधा कीबोर्ड आणि माऊस त्यात आरामात चालतात. पण सोबत पेन ड्राइव्ह, कॅमेरा आणि रंगीबेरंगी दिव्यांचा गेमिंग कीबोर्ड लावलात की कुणीतरी उपाशी राहणारच. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह किंवा लो व्होल्टेजची सूचना दिसली तर आधी अॅडॅप्टर बदला. अनावश्यक वस्तू काढून एकटा कीबोर्ड लावून बघा. सगळंच लावणं भाग असेल तर स्वतःचा अॅडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या.

निळं पोर्ट, काळं पोर्ट

पाय ४ वर दोन काळी पोर्ट यूएसबी २ ची आणि दोन निळी यूएसबी ३ ची असतात. वायरलेस माऊसचा डोंगल काळ्यात लावा. यूएसबी ३ मधून डेटा धावताना जो रेडिओ गोंगाट होतो, तो २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि बहुतेक वायरलेस माऊस त्याच पट्ट्यात बोलतात. निळ्या पोर्टात हार्ड डिस्क आणि शेजारी डोंगल असेल तर कर्सर अडखळणार. वीतभर लांबीची एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल बोर्डापासून दूर नेला तरी फरक पडतो.

पाय झिरो वापरत असाल तर बोर्डावरची अक्षरं वाचा. त्याची दोन छोटी पोर्ट दिसायला सारखीच असतात, पण एक फक्त पॉवरचं आणि दुसरं यूएसबीचं असतं. कीबोर्ड यूएसबीवाल्यात जोडायचा आणि तोही ओटीजी अॅडॅप्टर लावून.

कीबोर्डच बंद, मग कमांड टाकायची कशी?

लॅपटॉपवरून, एसएसएच वापरून. कार्ड तयार करताना रास्पबेरी पाय इमेजरमध्ये एसएसएच सुरू करायची आणि वायफायचं नाव-पासवर्ड भरायची सोय असते. तिथे स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट भरा. कॉलेजच्या वायफायला अनेकदा लॉगिनचं पान असतं, तिथे पाय अडकतो. लॅपटॉप त्याच हॉटस्पॉटवर आणला की पायच्या आत शिरता येतं.

एसएसएच सुरू करायचं राहून गेलं असेल तरी कार्ड पुसायची गरज नाही. पाय बंद करून कार्ड लॅपटॉपला लावा आणि त्याच्या बूट विभागात एसएसएच नावाची रिकामी फाइल ठेवा. नाव इंग्रजी छोट्या लिपीत, पुढे टीएक्सटी वगैरे काही नको. पुढच्या वेळी पाय सुरू होताना एसएसएच चालू होतं. वायफाय आधी भरलेलं नसेल तर लॅनची केबल जोडा.

एक सावधगिरी महत्त्वाची. कार्ड लावताच विंडोज विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करायची का? कार्डाचा दुसरा विभाग लिनक्सचा असतो, तो विंडोजला वाचता येत नाही, म्हणून हा प्रश्न. उत्तर एकच: कॅन्सल. कित्येक प्रोजेक्ट या एका क्लिकने जाऊ शकतात.

आत शिरलात की एल-एस-यू-एस-बी ही कमांड टाका (सलग, छोट्या लिपीत). जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येईल. कीबोर्ड काढून एकदा आणि लावून एकदा, अशी दोनदा चालवा. लावल्यावर एक ओळ वाढली तर पायने कीबोर्ड ओळखलाय. नाही वाढली तर केबल, पोर्ट, पॉवर किंवा कीबोर्ड यांतलं काहीतरी गंडलंय. तोच कीबोर्ड लॅपटॉपला लावून बघा, लगेच कळेल.

@ दाबलं, अवतरणचिन्ह आलं!

कीबोर्ड चालतोय, पण बरोबर असलेला पासवर्डही ‘चुकीचा’ ठरतोय? रास्पबेरी पाय ब्रिटनमधला. त्याची मूळ सेटिंग ब्रिटिश कीबोर्डची आणि आपल्याकडचे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचे. त्यामुळे @ दाबलं की दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं आणि # च्या जागी पौंडाचं चिन्ह. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. रास्पी-कॉन्फिगमध्ये लोकलायझेशनखाली जाऊन कीबोर्ड यूएस करा आणि रिस्टार्ट द्या.

स्कॅनर घरी चालतो, डेमोला नाही

लायब्ररीसाठी किंवा हजेरीसाठी बारकोड स्कॅनर लावणाऱ्यांनी हे नीट वाचा. बहुतेक यूएसबी स्कॅनर स्वतःची ओळख कीबोर्ड म्हणूनच करून देतात. ते कोड ‘टाइप’ करतात आणि एंटर दाबतात. म्हणून वरचा @ चा गोंधळ त्यांनाही लागू आहे.

दुसरी अडचण मोठी आहे. घरी तुम्ही टर्मिनल उघडून प्रोग्रॅम चालवता, तेव्हा स्कॅनरचं टायपिंग त्या खिडकीत येतं. डेमोसाठी तोच प्रोग्रॅम बूट होताच पार्श्वभूमीत सुरू होईल असा बसवता. आता त्याला खिडकीच नाही, मग टायपिंग येणार कुठे? स्कॅनर बीप करतो, पण हजेरी लागत नाही. अशा वेळी पायथनची इव्हीडेव्ह लायब्ररी वापरून थेट त्या डिव्हाइसकडून वाचा. त्याचा इव्हेंट नंबर लिहून ठेवू नका, पुढच्या वेळी तो बदलू शकतो. ‘बाय-आयडी’ फोल्डरमधला पत्ता वापरा.

आदल्या रात्री एवढं कराच

• कोडची एक प्रत लॅपटॉपवर आणि एक पेन ड्राइव्हवर.
• एसएसएच सुरू आहे ना, हॉटस्पॉटवरून एकदा शिरून बघा.
• जो अॅडॅप्टर डेमोला नेणार, त्याच्यावरच अर्धा तास सगळं चालवा.
• बॅगेत साधा वायरचा कीबोर्ड आणि माऊस ठेवा.
• पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा आणि कशालाही हात न लावता प्रोजेक्ट उभा राहतो का ते बघा.

हे सगळं करूनही कीबोर्ड हललाच नाही, तर लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीत जाऊन खुशाल नवा घ्या. तोपर्यंत कीबोर्डच गेलाय याची तुम्हाला खात्री असेल. आणि परीक्षकांनी विचारलंच, ‘हे बंद पडलं तर काय कराल?’ तर सांगायला तुमच्याकडे पाठ केलेलं नाही, करून पाहिलेलं उत्तर असेल.