कंबरदुखी हटत नाही? नुसत्या कंबरेवर इलाज करून भागणार नाही



गोव्यात ३१ जुलैला मासेमारी बंदी संपते आणि ट्रॉलर परत पाण्यात उतरतात. दरवर्षी याच दिवसांत कोणीतरी सांगतो, "कंबर साथ देत नाही, यंदा बोटीवर जमणार नाही." मग घरची कमाई थांबते आणि बोटीवरचा एक जाणता माणूस कमी होतो. म्हणून आज हा विषय घेत आहोत.

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला जुनाट कंबरदुखी म्हणतात. जाळं ओढताना लचक भरते, ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत बरी होते. तरी दुखणं राहतं, कारण शरीराची नसांची यंत्रणा जास्त जागरूक झालेली असते. थोडा ताण पडला तरी ती दुखण्याचा इशारा देते. अपुरी झोप, कर्जाची काळजी, तंबाखू-सिगारेट आणि हालचालीची भीती यांनी तो इशारा आणखी वाढतो. दुखणं खोटं नसतं, पण त्याचं मूळ फक्त मणक्यात नसतं.

एमआरआयमध्ये झीज दिसली म्हणून घाबरू नका. पन्नाशीतल्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या मणक्यातही बहुतेकदा झीज दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये यावर सूचना काढल्या. व्यायाम, दुखणं समजून घेणं आणि मनावरच्या ताणासाठी समुपदेशन यांवर त्यात भर आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताण देणं हे नेहमीचे उपचार म्हणून करू नयेत, असंही त्यात सांगितलं आहे.

आपण काय करायचं?

१. अंथरूण धरू नका. रोज झेपेल तेवढं चाला आणि दर आठवड्याला थोडं वाढवा. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या.

२. बर्फाचा किंवा मासळीचा क्रेट दोघांनी उचला. वजन अंगाजवळ धरा. वळताना कंबरेला पीळ देऊ नका, पाय वळवा.

३. बाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या बहिणींनी दर अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालावं.

४. झोप भरून काढा, तंबाखू कमी करत सोडा.

५. दुखण्याच्या गोळ्या मनाने रोज खाऊ नका. उन्हात काम, पाणी कमी आणि वर या गोळ्या, यात मूत्रपिंडाला आणि पोटाला इजा होऊ शकते.

बोटमालकांना विनंती : क्रेट काठोकाठ भरू नका, खलाशांना झोपेसाठी पाळी लावून द्या, आणि कंबर दुखणाऱ्याला घरी बसवण्याऐवजी काही दिवस हलकं काम द्या. कामावर हळूहळू परतलेला माणूस लवकर सुधारतो.

पण लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत गेली, तर थांबू नका. समुद्रात असाल तर बोट जेटीकडे वळवा, १०८ ला फोन करून गोमेकॉत पोचा. पडल्यानंतर दुखायला लागलं, किंवा ताप येतो, वजन उतरतं, तरी डॉक्टरांना लगेच दाखवा.

हंगाम दहा महिन्यांचा आहे, कंबर जन्मभराची. आपल्या बोटीवरच्या सगळ्यांना हे वाचून दाखवा.