गुरुवारी विचारलेला प्रश्न

समजा, भाईंदर स्टेशनवर चर्चगेट लोकलची वाट बघत एक कॉलेजकुमार उभा आहे. गुरुवार आहे. फोन थरथरतो: ‘या शनिवार-रविवारी प्यायचा बेत आहे का?’ विचारणारी आई नाही, सर नाहीत. विचारतोय एक कॉम्प्युटर!

अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये हे खरोखर घडलं. हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात आलेली १८ ते २५ वयाची ७६५ मुलं-मुली अभ्यासात होती. त्यांच्यातल्या एका गटाला १२ आठवडे दर गुरुवारी बेत विचारायचा. बेत मोठा असला, तर ‘थोडी कमी घ्यायचं ठरवशील?’ आणि रविवारी हिशोब. ना व्याख्यान, ना दमदाटी. २०१५ साली निष्कर्ष आले आणि बघा काय नवल: मेसेज थांबून सहा महिने झाले, तरी या गटाचं बेसुमार पिणं कमीच होतं!

एवढ्याशा प्रश्नात असं काय आहे? मला तरी सगळी किमया वाराची वाटते. दारू लवकर गाठते ती कपाळामागच्या मेंदूला, म्हणजे ‘आता पुरे’ म्हणणाऱ्या भागालाच. चौथ्या पेगनंतर विवेक मागणं म्हणजे वॉचमन झोपल्यावर गेट लावायला सांगणं. गुरुवारी वॉचमन टक्क जागा असतो! गोव्याच्या ‘संगाथ’ संस्थेनंही अतिमद्यपान आवरायला मोबाइल मेसेजची अशीच वाट चोखाळली आहे.

दारूचा विषय निघाला की आणखी एक प्रश्न येतोच: नशेत होणारा लैंगिक अत्याचार? त्याचा दोष दारूचा नाही, प्यायलेल्या मुलीचा तर नाहीच नाही. तो अत्याचार करणाऱ्याचा. नशेत काय चाललंय हेच जिला कळत नाही, तिचा ‘हो’ आपला कायदा संमती मानत नाही.

अशा वेळी मदत हवी असेल तर ११२ ला फोन करा. २०१७ पासून नव्या फोनमध्ये तिथे थेट फोन लावणाऱ्या पॅनिक बटणाची सक्ती झाली: साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवर बटण झटपट तीनदा. तुमचा ठावठिकाणा कळतो तो वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांमुळे! त्यांचा संदेश सेकंदाच्या पंधराव्या भागात तुमच्या हातात पोचतो. या वेळेवरूनच अंतर मोजतात, म्हणून उपग्रहाचं घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं जरी चुकलं, तरी अंतर ३०० मीटरनं हुकेल. मीरा रोडला तेवढ्यात भलतीच सोसायटी येते. म्हणून उपग्रहांत अणुघड्याळं बसवलेली असतात.

सगळे फोन मात्र सारखे नसतात. काहींत बटण पाचदा दाबावं लागतं, काहींत सोय आधी चालू करावी लागते. तुमचा फोन उघडून बघा, मैत्रिणीचाही बघा. शनिवारच्या आत.