सारख्यांतील भेद
आमच्या वसई तालुक्यांतील नालासोपाऱ्याच्या प्राचीन स्तूपांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांस १८८२ सालीं एक दगडी पेटी सांपडली. तींत तांब्याच्या करंड्याभोंवतीं आठ बुद्धमूर्ति होत्या. नवख्यास त्या सारख्याच वाटाव्या. परंतु प्रत्येक बुद्धाचा बोधिवृक्ष निराळा: गौतमाचा पिंपळ, काश्यपाचा वड, कनकमुनीचा उंबर. वृक्ष व हस्तमुद्रा जाणणाऱ्यास ओळख पटते.

शाळेंत ‘घ’ व ‘ध’ यांत चुकणाऱ्या मुलास मीं मंद म्हटलें, याची आज खंत वाटते. त्याची दृष्टि अधू नव्हती. मींच लक्षण सांगितलें नव्हतें. दोन्ही अक्षरें शेजारीं मांडावीं, ‘ध’ची तुटलेली शिरोरेघ बोटानें दाखवावी, आणि चार दिवसांनीं पुन्हा विचारावें. भेद नेमका दिसला कीं स्मरण टिकतें. घरांतील वडील मंडळींनीं मुलांस रागावण्यापूर्वीं एवढें अवश्य करावें.