गाणे तुटते कोठे?

आखाजीला माहेरवाशिणी झोक्यावर म्हणतात ती गाणी मुद्रित करून वर्गात ऐकवावीत, असे जामनेर परिसरातील एखाद्या शिक्षकाने ठरवले, तर अडचण बहुधा शाळेच्या जुन्या संगणकापाशी येते. गाणे अडखळते, मधेच ‘खट्ट’ असा आवाज येतो आणि यंत्र भंगारात काढण्याची भाषा सुरू होते. दोष खरोखर यंत्राचा आहे का, हे आपण हिशोबाने पाहू.

तबकडीच्या दर्जाचा ध्वनी म्हणजे दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे. प्रत्येक मोजमाप दोन बाइटचे आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. एमपी३ पद्धतीत (तिचे मानक १९९३ सालचे) कानाला सहसा न जाणवणारा तपशील गाळतात. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने केवळ १६,००० बाइट उरतात. ते उलगडून पुन्हा मोजमापे तयार करणे, हेच गाणे वाजवणाऱ्या आज्ञावलीचे मुख्य काम. मायकेल हिप यांनी लिहिलेली ‘एमपीजी१२३’ ही आज्ञावली १९९०च्या दशकातील पेंटियम यंत्रांवरही ते करीत असे. तिला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. तिचे नाव व फाइलचे नाव एका ओळीत टंकले की पुरे.

मग गाणे तुटते का? केळीच्या मळ्याची आठवण करावी. वीज येईल तेव्हा विहिरीवरची मोटर टाकी भरते; ठिबकच्या नळ्या मात्र टाकीतून सारखे पाणी घेत राहतात. संगणकात मोटर म्हणजे आज्ञावली, ठिबक म्हणजे साउंड कार्ड आणि टाकी म्हणजे ‘बफर’ ही स्मृतीतील राखीव जागा. प्रत्येक प्रवाहाची ४,०९६ मोजमापे मावणारी टाकी सुमारे ९३ मिलिसेकंदांत रिकामी होते. तेवढ्यात भर पडली नाही, की खट्ट! चित्रातील असा खंड डोळा पुष्कळदा माफ करतो, कान करीत नाही.

म्हणून हलकी आज्ञावली लिहिणे हे आम्ही वेगापेक्षा शिस्तीचे काम मानतो. फाइलचा तुकडा वाचावा, उलगडावा, टाकीत जागा झाली की ओतावा. एरवी स्वस्थ बसावे. ‘जागा झाली का?’ असे सतत विचारणारी आज्ञावली यंत्राला विनाकारण राबवते. सी भाषा येणाऱ्या शिक्षकाला ‘मिनिऑडिओ’ या मुक्त लायब्ररीच्या आधारे हे जमण्यासारखे आहे. कळ दाबताच गाणे थांबवण्याची सोय थोडी खटपटीची. टर्मिनल ‘एंटर’ची वाट पाहते, ती सवय आधी मोडावी लागते. (शेवटी ती पूर्ववत करावी, नाहीतर पुढे टंकलेले पडद्यावर उमटेनासे होते.)

टाकी मोठी केली की झाले, असे वाटेल. ४४,१०० मोजमापांची ठेवून पाहा. गाणे सहसा तुटणार नाही. पण भरणे थांबवल्यावरही टाकीतले गाणे जवळजवळ सेकंदभर वाजत राहील. ५१२ची ठेवली तर ते लगेच थांबते, मात्र दर ११.६ मिलिसेकंदांना हजेरी लावावी लागते. दुसरे एखादे जड काम सोबत सुरू करून मुलांना दोन्ही ऐकवावे आणि कोणत्या आकाराला खट्ट बंद होते, ते त्यांनाच टिपू द्यावे.

मोबाइलवरील मुद्रणे पुष्कळदा वेगळ्या साच्यात असतात. ती एमपी३मध्ये बदलून घ्यावीत. मूळ फाइल मात्र पुसू नये, कारण गाळलेला तपशील परत मिळत नाही.