दोनशे रुपयांचे कल्याणकारी राज्य

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात कल्याणकारी राज्याची प्रारूपे शिकवताना मला दरवर्षी एकच प्रश्न विचारला जातो : भारत यांपैकी कोणत्या प्रारूपात बसतो? परीक्षेच्या दृष्टीने प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे समजून घेणे हाच माझ्या मते या विषयाचा गाभा आहे.

ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी कल्याणाच्या तीन कल्पना वेगळ्या केल्या. कुटुंब आणि बाजार हे दोन्ही आधार तुटले तरच राज्याने तात्पुरते पुढे यावे, ही पहिली. ज्याचे जसे काम, तसे त्याला संरक्षण, ही दुसरी. आणि गरज हाच निकष मानून सर्वांना सेवा द्यावी, ही तिसरी. पुढे १९९० मध्ये डॅनिश समाजशास्त्रज्ञ गोस्टा एस्पिंग-अँडरसन यांनी प्रगत भांडवलशाही देशांचे तीन गट मांडले : अमेरिकेसारखे उदारमतवादी, जर्मनीसारखे परंपरानिष्ठ आणि स्वीडनसारखे सामाजिक लोकशाहीवादी. त्यांची मुख्य कसोटी मला अजूनही मोलाची वाटते. बाजारात आपले श्रम विकणे शक्य नसेल, तेव्हा माणूस किती सन्मानाने जगू शकतो, हे ती कसोटी विचारते.

ही कसोटी भारताला लावली की एकाच देशात तीन राज्ये दिसू लागतात. कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा, भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा. दोन्ही नोकरी आणि वर्गणी यांवर उभारले गेले. बिस्मार्कने १८८३ मध्ये जर्मनीत ज्या वाटेने आजारविमा आणला, तीच ही वाट. पण देशातील सुमारे नऊ-दशांश कामकरी असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला पहिले, म्हणजे दारिद्र्याचा दाखला मागणारे राज्य येते. आणि काही मोजक्या ठिकाणी तिसरे, सार्वत्रिक राज्यही भेटते.

या तिसऱ्या राज्याची उदाहरणे आपल्याच मातीतली आहेत. १९९७ मध्ये केंद्राने रेशनव्यवस्था लक्ष्यित केली, दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली अशी कुटुंबांची विभागणी झाली. तमिळनाडूने मात्र रेशन सर्वांसाठी खुले ठेवले. शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश प्राथमिक शाळेतील मुलाच्या आईवडिलांचे उत्पन्न विचारत नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या योजनेसाठी शहरांतील पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला आणि काम मागणाऱ्या ग्रामीण मजुराला ते हक्क म्हणून मिळाले. अंगमेहनतीची तयारी हाच तेथे निकष होता. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला या अनुभवाचा आधार होता.

या उदाहरणांसमोर वृद्धांचे निवृत्तिवेतन ठेवून पाहावे. काम करण्याची ताकद संपलेल्या माणसाला एस्पिंग-अँडरसन यांची कसोटी सर्वांत थेट लागू होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य आणि आजारपण यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख आहे; मात्र मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्याची न्यायालयामार्फत अंमलबजावणी होत नाही. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू झाला १९९५ मध्ये, दरमहा ७५ रुपयांनी. पुढे दशकभराने केंद्राचा वाटा २०० रुपये झाला. साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धांसाठी तो तेथेच थांबला. ऐंशीच्या पुढे ५०० रुपये. दोनशे रुपये म्हणजे दिवसाला सात रुपयांहूनही कमी. तेही दारिद्र्यरेषेखालील म्हणून नोंद असलेल्यालाच.

याच काळात केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, किंमत निर्देशांकानुसार वाढत राहिला. तो वाढू नये असे मी म्हणत नाही. महागाई मोजण्याची आणि तिची भरपाई करण्याची यंत्रणा राज्याकडे आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते. कोणासाठी ती चालवायची, हा राजकीय निर्णय आहे.

राज्ये आपली भर घालतात, हे खरे. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये ही रक्कम ४,००० रुपयांवर नेली. बिहारमध्ये ४०० रुपयांचे १,१०० रुपये व्हायला २०२५ चे निवडणूक वर्ष उजाडावे लागले. म्हणजे वृद्धाचे वार्धक्य कसे जाणार, हे त्याचे राज्य आणि निवडणुकीचे वेळापत्रक ठरवते. राजस्थानच्या २०२३ च्या किमान हमी उत्पन्न कायद्यात दरमहा किमान १,००० रुपये आणि दरवर्षी १५ टक्के वाढ यांची तरतूद झाली. रकमेपेक्षा मला ही वाढीची तरतूद अधिक महत्त्वाची वाटते. सत्ता बदलल्यावर कायद्याच्या अंमलबजावणीची कसोटी लागते. पण ती तपासायला निदान हातात कायदा असतो.

सार्वत्रिक निवृत्तिवेतन परवडेल का, हा आक्षेप गंभीर आहे. करांचा पाया अरुंद असलेल्या देशाने तो टाळू नये. पण निवड करण्यालाही किंमत असते : सर्वेक्षणे, दाखले, तपासण्या, आणि यादीतून सुटलेली माणसे. अन्नसुरक्षा कायद्याचे लाभार्थी आजही २०११ च्या जनगणनेवर ठरतात. त्यानंतर वाढलेल्या लोकसंख्येची त्या हिशेबात जागाच नाही. शिवाय सधनांना लाभ मिळू नये असे वाटत असेल, तर प्राप्तिकर भरणाऱ्यांना वगळणे हे प्रत्येक गरिबाकडून गरिबीचा पुरावा मागण्यापेक्षा सोपे आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असते की, प्रारूपांची नावे पाठ करावीत, पण प्रत्यक्ष काम करताना समोरच्या योजनेला तीन प्रश्न विचारावेत. हा लाभ कायद्याने मिळतो की आदेशाने? पात्रता सिद्ध करण्याचे ओझे कोणावर आहे? आणि महागाई वाढली की रक्कम आपोआप वाढते, की कोणाच्या तरी कृपेची वाट पाहावी लागते? या तिन्ही प्रश्नांत वृद्धांचे केंद्रीय निवृत्तिवेतन अनुत्तीर्ण होते. ते उत्तीर्ण व्हावे यासाठी संसदेला नव्या प्रारूपाची गरज नाही. कायदा आणि निर्देशांक, दोन्ही तिच्या हाताशी आहेत.