हनुमान सगळ्यांचा, चित्र कोणाचे?

नांदुरा म्हटले की हमरस्त्यावरून जाणाऱ्याला १०५ फुटी हनुमान आठवतो. दुसरे काही आठवेपर्यंत रेल्वेगाडी जळंबला पोचलेली असते. अशा या गावात, दहा बाय बाराच्या एका खोलीत आमचे टी-शर्टांचे दुकान आहे. त्याला पाटी नाही, गल्ला नाही, गिऱ्हाइकाला टेकायला बाकडे नाही. गिऱ्हाईक पुण्याचे, ठाण्याचे, कधी सुरतेचे, तर कधी बंगळूरचे. ते मोबाइलवर चित्र बघते, बोट टेकवते, आणि आठवड्याभरात टी-शर्ट त्याच्या दारात जातो. आम्ही त्याचे तोंडही पाहत नाही. ‘गिऱ्हाईक दिसत नाही त्याला दुकान कसे म्हणायचे?’ हा आमच्या सौ.चा प्रश्न अजून कायम आहे. मात्र पार्सल बंद करण्याआधी प्रत्येक टी-शर्ट उलटा करून शिवण तपासतात त्याच.

मी मूळचा स्क्रीन प्रिंटिंगवाला. लग्नपत्रिका, दुकानांच्या पिशव्या, निवडणुकीतले झेंडे आणि कापडी फलक यांवर आमचा संसार उभा राहिला. पुढे फ्लेक्स आला आणि कापडी फलक गेले. निमंत्रणे मोबाइलवरून जाऊ लागली, तशा पत्रिकाही आटल्या. शिकून घरी बसलेल्या पुतण्याने एके दिवशी विचारले, ‘काका, छपाई तुम्हाले येते, मोबाइल मले येते, मंग थांबलो काहून?’ दुकानाचा जन्म या एका वाक्यातला.

या धंद्यात एक गंमत आहे, आणि ती थोडी बोचणारीही आहे. आमचा मुलूख कापसाचा. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७० साली जळंब-खामगाव फाटा सुरू झाला, त्यामागे कापसाचीच ओढ होती. वऱ्हाडच्या गाठी मुंबईकडे जायच्या आणि कापड होऊन परत यायच्या. आज दीडशे वर्षांनी आमच्या खोलीत येणारा कोरा टी-शर्ट तामिळनाडूतल्या तिरुपूरहून येतो. त्याच्या सुतात एखादे बोंड आमच्या शिवारातले असेलही, कोण सांगणार? मूळचा हा अमेरिकेच्या नौदलातला आतून घालायचा कपडा, म्हणजे आपल्या गंजीफ्रॉकचा परदेशी भाऊ. १९५१ साली मार्लन ब्रँडोने ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ या चित्रपटात तो उघडपणे मिरवला आणि आतला कपडा बाहेर आला. त्यावर चित्र छापले की तो नुसता कपडा राहत नाही. अंगात घालणारा माणूस न बोलता काहीतरी बोलू लागतो.

हिशेब मात्र बोलका आहे. आमचा टी-शर्ट ३९९ रुपयांचा. कोरा माल १६० रुपये, छपाई ४५, पिशवी आणि लेबल १०, कुरिअर ७०, मोबाइलवरची जाहिरात ४० आणि कर १९. उरतात ५५. माल घरी आल्यावर पैसे देणाऱ्यांपैकी एखाद्याने दार उघडलेच नाही, किंवा ‘मी मागवलाच नव्हता’ असे सांगितले, की जाण्यायेण्याचे १४० रुपये आमच्या अंगावर. म्हणजे अडीच टी-शर्टांचा नफा गेला. म्हणून पुतण्या आता पार्सल निघण्याआधी प्रत्येकाला फोन करतो. एवढ्या एका सवयीने परत येणारा माल बराच कमी झाला. जीएसटीची नोंदणी तर पहिल्या दिवसापासूनच करावी लागली. राज्याबाहेर माल विकायचा असेल तर उलाढाल लहान आहे ही सबब चालत नाही. हे सारे शिकता येते. न संपणारा प्रश्न वेगळाच आहे : छापायचे काय?

पोरांना हवे असतात सिनेमातले नट, परदेशी चित्रकथांतले उडणारे वीर, ‘शोले’तला गब्बर. बाजारात पाहावे तर सगळीकडे हेच लटकलेले. पण हे चेहरे बेवारशी नाहीत. मुंबईत २०१३ साली सुरू झालेले ‘द सोल्ड स्टोअर’ असल्या वीरांची चित्रे छापते ते त्यांच्या मालकांशी रीतसर करार करून. नांदुऱ्याच्या खोलीला तो करार कुठून परवडणार? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो. ‘शोले’ १९७५ चा, म्हणजे २०३५ संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. चित्रकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे असतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, म्हणून त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती आज कोणीही छापू शकतो; आम्हीही छापल्या.

नटांचे प्रकरण आणखी नाजूक आहे. २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांच्या बाजूने आदेश दिला. त्यांचे नाव, चेहरा, आवाज यांच्याबरोबर त्यांच्या खास ढंगातल्या ‘झकास’लाही त्यात संरक्षण मिळाले. २०२४ साली जॅकी श्रॉफ यांनी याच न्यायालयात धाव घेतली. त्यांच्या दाव्यात ‘भिडू’ हा शब्दही होता. आता ‘झकास’ काय किंवा ‘भिडू’ काय, हे शब्द आपण लहानपणी विटीदांडू खेळताना वापरलेले! नटाची ओळख कोणी परस्पर विकू नये हे मला शंभर टक्के मान्य आहे. शब्द बोलायला कोणी बंदी केलेली नाही, हेही खरे. पण तोच शब्द छातीवर छापून विकताना लहान दुकानदाराचा हात थबकतो. वकिलाची एक नोटीस म्हणजे आमची वर्षाची कमाई.

या साऱ्याची कसोटी लागली ती हनुमान जयंतीच्या आधी. गावातल्या मंडळाची मुले आली. अडीचशे टी-शर्ट हवे होते. चित्र कोणते, तर गाड्यांच्या मागच्या काचेवर दिसतो तो, भगव्या आणि काळ्या रंगातला, भुवया आक्रसलेला हनुमान. चैत्रात आमचा हात नेहमीच आखडलेला असतो. या एका मागणीत छपाईच्या यंत्राचे तीन हप्ते निघाले असते.

‘हे चित्र छापता येणार नाही,’ मी म्हणालो.

‘काहून काका? देवाले काय कॉपीराइट रायते?’

‘देवाला नसतो रे. चित्रकाराला असतो.’

मग त्यांना सांगितले. हे चित्र आकाशातून पडलेले नाही. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातल्या कुंबळे गावच्या करण आचार्य या तरुणाने ते २०१५ साली काढले. गावातल्या मुलांना झेंड्यासाठी हनुमान हवा होता, म्हणून काढला. पुढे तो देशभर काचांवर चढला. स्टिकर विकणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या पोराला विचारले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. चे गव्हेराच्या सुप्रसिद्ध छायाचित्राचे असेच झाले. अल्बेर्तो कोर्दा या क्यूबन छायाचित्रकाराने ते १९६० साली टिपले, जगभर लाखो टी-शर्टांवर ते छापले गेले, आणि कोर्दाने त्यांवर मानधन मागितले नाही. त्याने मागितले नाही, हा त्याचा मोठेपणा. आपण विचारायचेच नाही, हा कोणाचा मोठेपणा?

मुले ऐकून घेत होती. पण पटले असे दिसेना. एकजण म्हणालाच, ‘आमी अकोल्याहून छापून आनतो.’ ती गेली. पुतण्या दिवसभर माझ्याशी बोलला नाही. त्याचेही बरोबर होते. हप्ते त्याच्या नावावर आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही-पेन्सिल घेऊन मी आमच्या मोठ्या हनुमानासमोर जाऊन बसलो. कायद्यात एक फार शहाणे पोटकलम आहे : सार्वजनिक जागी कायमचे उभे असलेले शिल्प पाहून त्याचे चित्र काढायला आणि प्रसिद्ध करायला मुभा आहे. आमचा हनुमान तर हमरस्त्यालाच उभा. अगदी खालून, मान मोडेपर्यंत वर पाहिल्यावर दिसतो तसा मी तो काढला. पायाशी मुंगीएवढी माणसे, एक एसटी, आणि वर आभाळाला टेकलेला तो. दोन रंगांत बसेल असे चित्र केले, कारण प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते आणि खर्च वाढतो.

मुलांना चित्र दाखवले. थोडा वेळ कोणी काही बोलेना. मग त्यांच्या म्होरक्याने एसटीवर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘हा त आपला आहे!’ त्यांनी १८० टी-शर्ट घेतले. उरलेले ७० अकोल्याहून, त्यांना हवे होते त्याच चित्राचे आले. जयंतीला दोन्ही हनुमान एकाच मिरवणुकीत नाचले. पुढे ते चित्र आम्ही मोबाइलवर टाकले, तर मागणी आली ती बाहेरगावी राहणाऱ्या नांदुरेकरांची.

त्यातूनच शब्दांची वाट सापडली. ‘काहून?’ एवढाच शब्द, मोठ्या हस्ताक्षरात, काळ्यावर पांढरा. खाली अर्थ नाही, चित्र नाही. पुण्याच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या वऱ्हाडी पोरापोरींनी तो उचलून धरला. एका मुलीने कळवले की, कचेरीत तिची भाषा ऐकून लोक हसायचे. आता टी-शर्ट पाहून अर्थ विचारतात. वऱ्हाडी बोलीचा नाटक-सिनेमाने विनोदासाठी फार वापर केला, असे माझे जुनेच मत आहे.

अर्थात चालणाऱ्या मालाला पाय फुटतात. दोन महिन्यांत आमचेच अक्षर, ‘क’च्या वळणासकट, दुसऱ्या एका दुकानात शंभर रुपयांनी स्वस्त दिसू लागले. पुतण्या पेटला. शब्द कोणाच्याच मालकीचा नाही, हे त्याला मान्य. पण अक्षर तर काकांचे! इथे कायद्याचे १५ वे कलम आडवे येते. डिझाइन म्हणून नोंदवता येण्याजोगी गोष्ट नोंदवली नाही, आणि तिचा माल यंत्राने पन्नासांहून अधिक वेळा काढला, की तिचा कॉपीराइट संपतो. आमचे अक्षर चित्र मानायचे की डिझाइन, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतात आणि त्यांची फी दोन्ही बाजूंना लागते. आम्ही तो नाद सोडला.

डिझाइनची नोंदणी कोलकात्याच्या कार्यालयात होते. ती आधी दहा वर्षांची असते, मग पाच वर्षे वाढवता येते. अट एवढीच की, अर्जापूर्वी ती गोष्ट कोठे प्रसिद्ध झालेली नसावी. त्यामुळे नवा टी-शर्ट सध्या सौ.च्या कपाटात, साड्यांच्या खाली आहे. त्यावर एक वऱ्हाडी शब्द आहे आणि भोवती कपाशीच्या बोंडांची वेल. पुतण्या रोज विचारतो, ‘काका, टाकू का आता?’ तो शब्द वाचकांना सांगण्याचा मोह मलाही होतो आहे. पण अर्ज अजून जायचा आहे.