संगणकाच्या प्रारंभिक आज्ञावलीतील भौतिक स्मृतिपत्त्यांची हाताळणी

प्रस्तावना :

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे प्रा. माधव देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेला 'अजित' हा प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर झाला. तो 'स्पार्क' या संरचनेच्या आठव्या आवृत्तीवर आधारलेला आहे. अशा प्रोसेसरवर ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करावयाची तर प्रथम बूट आज्ञावली लिहावी लागते. 'पॉइंटर म्हणजे मेमरीचा पत्ता' ही वर्गात सांगितली जाणारी व्याख्या तेथे अपुरी पडते. ती का, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दोन प्रकारचे पत्ते :

भौतिक पत्ता हा मेमरीतील प्रत्यक्ष जागेचा क्रमांक होय. प्रोग्राम वापरतो तो आभासी पत्ता. स्मृती व्यवस्थापन एकक (एमएमयू) पेज टेबलच्या साहाय्याने दुसऱ्याचे रूपांतर पहिल्यात करते. संगणक सुरू होताना हे एकक बंद असते. ते कार्यान्वित होताच दोन्ही पत्ते भिन्न होऊ शकतात. उदाहरणार्थ, ३२ बिट इंटेल प्रोसेसरवरील लिनक्सचा गाभा परंपरेने भौतिक मेमरीत १ एमबीपासून ठेवला जाई. मात्र त्यातील चलांचे आभासी पत्ते ३ जीबीच्या पुढचे असत. त्यामुळे पेजिंग सुरू होण्यापूर्वी प्रत्येक पत्त्यातून ३ जीबी वजा करावे लागत.

स्पार्कच्या आठव्या आवृत्तीच्या संदर्भ-एमएमयूमध्ये हा भेद अधिक ठळक आहे. आभासी पत्ता ३२ बिटांचा (४ जीबी), तर भौतिक पत्ता ३६ बिटांचा (६४ जीबी) असतो. साहजिकच भौतिक पत्ता पॉइंटरमध्ये मावत नाही. '४ जीबी अधिक ८ केबी' हा पत्ता त्यात सक्तीने भरल्यास केवळ ८ केबी उरतात आणि लेखन भलत्याच जागी होते. त्या वेळी त्रुटी-संदेश दाखविणारी यंत्रणाही सिद्ध झालेली नसते. त्यामुळे संगणक कोणतेही कारण न दर्शविता थांबतो.

उपाययोजना :

१. भौतिक पत्ता पॉइंटरमध्ये न ठेवता पुरेशा रुंदीच्या चिन्हविरहित पूर्णांकात ठेवावा. लिनक्समध्ये त्यासाठी स्वतंत्र प्रकार आहे. पूर्णांकाचा पॉइंटरसारखा वापर झाल्यास कंपायलर तो नाकारतो.

२. 'सी' भाषेतील टाइपडेफ केवळ नवे नाव देते, नवा प्रकार निर्माण करीत नाही. अधिक काटेकोरपणा हवा असल्यास एकाच घटकाचे स्ट्रक्चर वापरावे.

३. रूपांतराची बेरीज-वजाबाकी ठिकठिकाणी न लिहिता दोन फंक्शनांतच ठेवावी व पत्ता ग्राह्य मर्यादेत आहे काय, हे तेथेच तपासावे.

निष्कर्ष :

भौतिक पत्ता ही एक संख्या आहे. पॉइंटर ही त्या क्षणी लागू असलेल्या रूपांतरावर अवलंबून असलेली वस्तू आहे. हा भेद शिकविण्यास महागड्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. ४२९४९७५४८८ ही संख्या ३२ बिटांच्या चिन्हविरहित चलात ठेवून छापली असता ८१९२ मिळते. हा छोटा प्रयोग 'सी'च्या पहिल्या प्रात्यक्षिकांतच करवून घेतल्यास पुढे ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय विद्यार्थ्यांना सुगम होईल.